पाकिटावरचा गळा

वहिनींचं दुकान बस स्थानकाच्या फाटकाला लागून होतं. दुकान म्हणजे एक रुंद खिडकी, तिच्यापुढे लाकडी फळी, आत तीन भिंतींना कप्पे, आणि मागच्या बाजूला एक दार. ते दार उघडलं की थेट घर. बिस्किटं, साबण, पाण्याच्या बाटल्या, डोकेदुखीच्या गोळ्या, कंगवे, वह्या, असं प्रवासाला निघालेल्या माणसाला ऐनवेळी आठवणारं सगळं तिथे मिळायचं. आणि सिगारेटी. खरं तर आधी सिगारेटी, मग बाकीचं. गाडीला वेळ आहे म्हटलं की माणूस पहिल्यांदा सिगारेट घ्यायचा आणि ती ओढता ओढता त्याला घरी विसरलेला कंगवा आठवायचा. वहिनींच्या सासऱ्यांनी हे हेरूनच पाकिटांचा कप्पा अगदी समोर, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या रेषेत केला होता. वहिनींनी तो कधी हलवला नाही.

त्या साऱ्या स्थानकाच्या वहिनी झाल्या त्या नवऱ्यामुळे. नवरा स्थानकात सूचना द्यायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं लहान मूल चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे, हे सगळं आवाराला त्याच्या तोंडून कळायचं. ड्रायव्हर-कंडक्टर त्याला भोंगा म्हणत आणि त्यालाही ते नाव आवडायचं. आवाजच तसा होता. माईक बंद पडला, तर तो सूचनांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि शेवटच्या फलाटावरच्या म्हातारीचीसुद्धा गाडी चुकायची नाही.

घरात मात्र भोंगा अगदी हळू बोलायचा. दिवसभराचं ओरडून झालेलं असायचं. जेवताना तो इतक्या खालच्या पट्टीत बोलायचा की वहिनींना हातातलं काम थांबवून ऐकावं लागे. हा आवाज स्थानकातल्या कुणाला ठाऊक नव्हता. तो फक्त त्यांच्या आणि लेकीच्या वाट्याचा होता.

सिगारेट भोंग्याला घरचीच होती. येता-जाता कप्प्यातून एक पाकीट उचलायचं आणि कामावर जायचं. त्या काळी पाकिटाच्या कडेला एक ओळ असे. कायद्याने ती छापावी लागायची, म्हणून कंपनी ती छापायची, पण लाल पाकिटावर सोनेरी अक्षरांत आणि मुंगीएवढ्या आकारात. एकदा दुपारी भोंग्याने फळीला टेकून ती ओळ आपल्या सरकारी आवाजात वाचून दाखवली होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. धूम्रपान आरोग्यास अपायकारक आहे." आणि मग काडी ओढली. उभे होते ते सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसल्या.

पुढे भोंग्याचा आवाज बसायला लागला. त्याने आधी माईकला दोष दिला, मग डिझेलच्या धुराला, मग फलाटावर वर्षभर चाललेल्या खोदकामाला. वहिनी त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावत राहिल्या. बरेच दिवस लोटल्यावर लोक चौकशीच्या खिडकीशी येऊन विचारायला लागले, की आता काय सांगितलं हो? तेव्हा लेकीने ऐकून घेणं सोडून दिलं आणि बापाला हाताला धरून इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई आडवळणाने बोलणाऱ्या नव्हत्या. स्वरयंत्रात गाठ आहे, ती वाईट आहे, यंत्रच काढावं लागेल. आवाज जाईल आणि परत येणार नाही. श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. भोंग्याने फक्त एक दिवस मागून घेतला. डॉक्टरबाईंना वाटलं, घरची काही सोय लावायची असेल. भोंगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि त्या फाटक्या आवाजात दिवसभराच्या सगळ्या गाड्या सांगून आला. कुणाला काही माहीत नव्हतं. दोन-तीन प्रवाशांनी तर नीट ऐकू येत नाही म्हणून तक्रारही केली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गळ्याच्या खळगीत भोक राहिलं, त्यावर जाळीचा तुकडा बांधायचा. बोलायला टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की पत्र्यावर माशी घोंघावल्यासारखा एकसुरी आवाज यायचा. स्थानकातल्या लोकांना भोंग्याचा मोठा आवाज गेल्याचं दुःख झालं. ते येऊन वहिनींना तसं सांगायचे, की स्थानकाची मजाच गेली. वहिनी मान हलवत. त्यांना आठवण यायची ती दुसऱ्या आवाजाची, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

स्थानकाने भोंग्याला वेळापत्रकाचे फळे लिहिण्याचं काम दिलं. सूचनांसाठी कुणा बाईच्या आवाजाची टेप आली. फळे लिहून झाले की भोंगा दुकानात मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. टेपमधली बाई गावांची नावं चुकीच्या जागी तोडायची, त्यावर तो कपाळाला हात लावायचा.

त्याच सुमारास कायदा बदलला. कडेची ती ओळ गेली आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंना, वरचा बहुतेक भाग व्यापून रंगीत चित्र आलं. सडलेलं फुप्फुस, काळा पडलेला पाय. खाली ठळक अक्षरांत इशारा. 'सौम्य', 'हलकी' असे शब्द पाकिटावर लिहायलाही बंदी आली. पण ती पहिली चित्रं बाहेर कुठून तरी आणलेली होती. गिऱ्हाइकं पाकीट उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, हे आपल्याकडचे लोक नाहीतच, हा सगळा रंगरंगोटीचा प्रकार आहे. हे बोलणं आरोग्य खात्यापर्यंतही गेलं असावं. चित्रं ठरावीक मुदतीने बदलायची, असा नियमच होता. पुढच्या खेपेला आपल्याच माणसांची, त्यांच्या संमतीने काढलेली चित्रं वापरायची असं ठरलं. आणि तपासणीला गेलेल्या भोंग्याला डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं. नाव येणार नाही. ओठांच्या वरचा चेहरा येणार नाही. मोबदला मिळणार नाही. छपाई सुरू होईपर्यंत कधीही नाही म्हणता येईल, एकदा छापल्यावर मात्र चित्र देशभर जाईल. भोंग्याने ऐकलं आणि होकाराची मान हलवली, इतक्या सहज की जणू कुणी चहाला विचारलं होतं.

घरी आल्यावर वहिनी चप्पल काढता काढता बोलल्या.

"लोक तुम्हाला खिशात घालून फिरतील. आणि पाकीट संपलं की गटारात टाकतील. हे मी बघायचं का?"

भोंग्याने यंत्र गळ्याला लावलं. "सूचना आहे ती," तो म्हणाला. "सूचना देणं माझं काम आहे."

लेक बापाच्या बाजूने होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि सगळ्या गोष्टी एकदाच ठरवून मोकळी व्हायची. बाबांनी फोटो द्यायचा आणि आपण सिगारेटी विकणं बंद करायचं, असं तिचं म्हणणं. त्यावर वहिनींचा पारा चढला. फोटो द्यायचा, विकायचंही नाही, आणि मग घर तुझ्या पगारावर चालवायचं का, असं त्यांनी विचारलं. लेकीने भोंग्याकडे पाहिलं. आश्चर्य म्हणजे या बाबतीत तो बायकोच्या बाजूला गेला. त्याने यंत्रातून एवढंच सांगितलं, की आपण बंद केलं तर लोक पलीकडच्या दुकानात घेतील. वहिनींना वाटलं होतं, बापलेक मिळून आपल्याला गप्प करतील. तसं झालं नाही, म्हणून त्यांना उलट जास्तच एकटं वाटलं. साक्षीदार म्हणून घरच्या माणसाची सही लागत होती. ती लेकीने केली.

नव्या चित्रांची पाकिटं आली तेव्हा वहिनी दुकानात एकट्याच होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे खोक्याची पट्टी सुरीने कापली, वरचं पाकीट काढलं, आणि त्यांना आधी दिसला तो सदऱ्याच्या गळ्याचा काठ. तो त्यांनीच शिवलेला होता. मग हनुवटीखालचा तीळ. मग ते भोक. घरात त्या रोज ते भोक स्वच्छ करायच्या, जाळी बदलायच्या, त्यांना त्याचं काही वाटत नसे. इथे कागदावर ते ओलं, लाल आणि फार मोठं दिसत होतं. त्यांनी पाकीट उलटं केलं. मागेही तेच. कंपनीचं नाव खाली कोपऱ्यात, दाटीवाटीत उभं राहिल्यासारखं.

त्यांनी पाकिटं कप्प्यात लावली. दुसरं काय करणार?

गिऱ्हाइकांनी भोंग्याला ओळखलं नाही. खुर्चीवरचा भोंगा गळ्याला पंचा गुंडाळून बसलेला असायचा आणि चित्रात चेहरा नव्हता. त्या खेपेला चार चित्रं निघाली होती, एकाच खोक्यात चारही यायची. थोड्याच दिवसांत लोक निवड करायला लागले. "हे गळ्याचं नको हो, बघवत नाही. पायाचं द्या." वहिनी गळ्याचं पाकीट मागे ठेवून पायाचं द्यायच्या. आत सिगारेटी त्याच होत्या. मागे खुर्चीवर भोंगा हे सगळं ऐकत असायचा. एकदा त्यांनी वळून पाहिलं तर तो गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत होता, पूर्वी सूचना दिल्यावर खोलीच्या काचेतून लोक योग्य फलाटाकडे निघाले का ते बघायचा तसा.

मग कंपनीचा सेल्समन आला. दर आठवड्याला स्कूटरवरून यायचा, अदबीने बोलायचा, वहिनींच्या लेकीची चौकशी करायचा. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्याने एक नवीन स्टँड आणला. काचेचा, आत दिवे असलेला. पाकिटं त्यात उभी लावायची आणि पुढे एक रुंद पट्टी, तिच्यावर कंपनीचं बोधचिन्ह. त्याने स्वतःच स्टँड फळीवर बसवला, पाकिटं उलटी करून लावली आणि पट्टी सरकवली. पाकिटांचा वरचा भाग खाली गेला होता, तो पट्टीमागे झाकला गेला. आता दिसत होता तो फक्त कंपनीच्या नावाचा कोपरा, दिव्यात झगमगणारा.

वहिनी म्हणाल्या, "ही पट्टी नको."

"अहो वहिनी, सगळ्या दुकानांना दिलीय. दिसायला चांगलं दिसतं."

"दिसायला चांगलं दिसतं, म्हणूनच नको."

तो हसला. म्हणाला, "कायद्याने चित्र छापायला सांगितलं, कंपनीने छापलं. दुकानात ते कसं लावायचं, ते कुठे सांगितलंय?"

"तसं सांगितलंय की नाही, मला ठाऊक नाही. पण पट्टी लावली की यांचा गळा झाकला जातो."

सेल्समनचा हात पट्टीवर होता, तो तसाच राहिला. "कुणाचा?" त्याने विचारलं.

वहिनींना आपण काय बोलून गेलो ते तेव्हाच कळलं. सेल्समनने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. भोंगा खुर्चीत सरळ झाला होता. त्याने गळ्यावरचा पंचा सोडून मांडीवर घेतला, जाळी वर केली, आणि तसाच बसून राहिला. यंत्र शेजारच्या स्टुलावर पडून होतं.

सेल्समनने पट्टी काढली. पाकिटं त्याने पुन्हा सुलटी लावली, चित्रं पुढे करून, आणि न सांगता स्टँडमधले दिवेही बंद केले. जाताना तो भोंग्यापुढे क्षणभर थांबला. मग स्कूटरला किक मारून निघून गेला.

त्याने पुढच्या दुकानात सांगितलं आणि तिथल्याने फलाटावर, की आणखी कसं, कळायला मार्ग नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या स्थानकाला कळलं, की पाकिटावरचा गळा भोंग्याचा आहे. पुढच्या आठवड्यात दुसराच सेल्समन आला आणि स्टँड परत घेऊन गेला. पट्टी लावत नसाल तर स्टँड ठेवता येत नाही, म्हणाला. पाकिटं पुन्हा सासऱ्यांच्या कप्प्यात गेली.

वहिनींना वाटलं होतं, आता लोक काही बोलतील. कुणी बोललं नाही. त्यांनी फक्त येणं सोडलं. कंडक्टर, हमाल, तिकीट खिडकीवरचे बाबू, ज्यांनी भोंग्याबरोबर वर्षानुवर्षं फळीला टेकून धूर काढला होता, ते सगळे फाटकातून निघाले की मान वळवून पलीकडच्या दुकानाकडे जायला लागले. अपमान करायचा म्हणून नव्हे. भोंग्याच्या समोर, भोंग्याच्याच बायकोच्या हातून, भोंग्याचाच गळा विकत घ्यायचा, हे कुणाच्या हातून होण्यासारखं नव्हतं. बिस्किटं, साबण, कंगवेही पलीकडेच घ्यायला लागले. दुकान ओस पडलं नाही, पण अर्ध्यावर आलं.

एक दिवस लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर आला. तो भोंग्याचा जुना दोस्त. दोघे एकाच महिन्यात नोकरीला लागले होते. भोंगा फळे लिहायला गेला होता. ड्रायव्हर उगाच एक पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

"वहिनी, मी पलीकडे घेतो हल्ली," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"तिकडे घेतली तरी काय. घाईत मिळेल ते पाकीट घ्यावं, खिशातून काढलं की तोच. उलटं केलं की मागेही तोच." त्याने बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "कायदा करणाऱ्यांनी कुठे पळायला जागा ठेवली नाही बघा."

"मग सोडा की."

"सोडायचंय," तो म्हणाला, आणि बाटली काखेत मारून गाडीकडे गेला.

त्याने सोडली की नाही ते वहिनींना कधी नीट कळलं नाही. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायला लागला, हे मात्र खरं. त्या तो त्यांच्याकडूनच न्यायचा.

वहिनींना ज्याची धास्ती होती तेही झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या फाटकापर्यंतची जागा झाडायच्या. आता त्या जागेत चिरडलेली पाकिटं असायची, टायरखाली गेलेली, चिखलात रुतलेली. त्या प्रत्येक पाकीट उचलायला लागल्या. आधी आपल्या दारापुढची, मग फाटकाच्या आतली, मग पहिल्या फलाटापर्यंतची. पायाच्या, फुप्फुसाच्या चित्रांची पाकिटं त्या झाडूने लोटायच्या. गळ्याची हाताने उचलायच्या, पुसायच्या आणि पिशवीत घालायच्या. पिशवी चुलीत रिकामी करायच्या.

एका सकाळी भोंगा त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आत बघितलं. मग यंत्र लावून म्हणाला, "पडू दे."

"माणसं तुमच्यावरून चालत जातात."

"त्यांनी बघून टाकलंय ना. मग पडू दे." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "तू वाकतेस ते मला बघवत नाही."

तेव्हा वहिनींना पहिल्यांदा वाटलं, त्या माशीच्या घोंघावण्यातसुद्धा तो हळूच बोलतो आहे. त्यांनी पिशवी त्याच्याकडेच राहू दिली. दोघे चहाला घरात आले.

पुढच्या तपासणीत गाठ छातीत उतरलेली दिसली. डॉक्टरबाईंनी याही वेळी आडपडदा ठेवला नाही. भोंग्याला घरीच राहायचं होतं. त्याची खाट मागच्या दारासमोर आणली, म्हणजे आडवं पडूनही त्याला दुकानाची खिडकी आणि तिच्यापलीकडचं फाटक दिसे. लेकीने शाळेतून रजा काढली. एका दुपारी दोघी त्याच्याजवळ बसलेल्या असताना तो गेला. फळीपाशी कुणी तरी सुट्ट्या पैशांसाठी नाणं आपटत होतं, आणि त्या माणसाला जा म्हणायला उठावं, एवढंही भान वहिनींना राहिलं नाही. स्थानकाने त्या संध्याकाळी टेप बंद ठेवली. गाड्या शिट्टीवर सुटल्या.

काही दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पाकिटांची मुदत अजून संपायची होती. खोकी येत होती आणि प्रत्येक खोक्यात भोंगा होता. लेक म्हणाली, आई, आता तरी बंद कर. वहिनींना तिला कारण सांगता आलं नाही. त्यांना वाटायचं, जोवर मुदत आहे तोवर यांचं सूचना देण्याचं काम चालू आहे, मध्येच मी कसं थांबवू? वरपांगी त्यांनी धंद्याचंच कारण दिलं.

मग एक अनोळखी प्रवासी आला. घाईत होता. "गळ्याचं नको, दुसरं द्या," म्हणाला. वहिनींचा हात सवयीने मागच्या पाकिटाकडे गेला आणि तिथेच अडला. पायाचं चित्र हाताशी होतं. फुप्फुसाचंही होतं.

"आज गळ्याचंच आहे," त्या म्हणाल्या.

प्रवाशाने पाकीट हातात घेतलं, चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. त्याने पाकीट फळीवर ठेवलं आणि एक बिस्किटाचा पुडा घेऊन गेला. वहिनी आयुष्यात गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

वर्षअखेर मुदत संपली. जुन्या चित्रांची उरलेली पाकिटं कंपनीने परत न्यायची होती, त्यानंतर ती विकणं गुन्हा होता. नव्या सेल्समनने खोकं भरलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याने संकोचत विचारलं, एखादं ठेवायचं असेल तर ठेवा, मी हिशोबात बघून घेईन.

"नको," वहिनी म्हणाल्या. "घरात त्यांचे फोटो आहेत. हसणारे."

खोकं गेलं. वहिनींनी मनात धरलं होतं, की आता मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. देशात कुठल्याच खिशात, कुठल्याच टेबलावर, कुठल्याच रस्त्याकडेला आता भोंगा नव्हता, आणि त्यांना तो त्या दिवशी दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. त्या लवकर दुकान बंद करून खाटेवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नवीन खोकं आलं. वहिनींनी पट्टी कापली. वरच्या पाकिटावर एका बाईचं तोंड होतं. गाल आतून खाल्लेला, जबडा एका बाजूला ओढलेला. वय वहिनींएवढंच असावं. ओठाच्या कोपऱ्याशी कुणी तरी काळजीने पुसल्यासारखी कातडी कोरडी होती, शेजारी मलमाचा डाग. म्हणजे कुणी तरी तिलाही रोज पुसत होतं. वहिनींनी ते पाकीट परत ठेवलं, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि सेल्समन गाडीत बसायच्या आत त्याला गाठलं.

"हे घेऊन जा. यापुढे आणू नका."

त्याने विचारलं, त्यांच्या गळ्याची पाकिटं विकलीत, मग आता काय झालं?

"यांनी मला सांगून फोटो दिला होता," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरातलं माणूस मला विकता येणार नाही."

सासऱ्यांचा तो कप्पा काही महिने रिकामाच होता. ओढग्रस्तीचे दिवस आले. लेकीने शिकवण्या धरल्या. मग त्या कप्प्याच्या जागी एक जुनं झेरॉक्स मशीन बसवलं. स्थानकावर येणाऱ्या माणसाला कागदाची नक्कल हवीच असते, हे लेकीच्या ध्यानात आलं होतं. हळूहळू ते चाललं. मशीनमध्ये कागद अडकला की वहिनी त्याला भोंग्यापेक्षाही मोठ्या आवाजात रागवायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

असंच एकदा डॉक्टरबाईंनी एका मुलीला त्यांच्याकडे पाठवलं. मुलगी लेकीच्या वयाची, प्रवासाने दमलेली. तिच्या आईला जिभेचा आजार होता, अर्धी जीभ काढली होती. नव्या खेपेसाठी खात्याने आईचं चित्र मागितलं होतं. आईने काहीच उत्तर दिलं नव्हतं आणि मुलीला काय करावं ते सुचत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, त्या बाईंना जाऊन भेट.

वहिनींनी तिला घरात खाटेवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी काही लपवलं नाही. पाकीट पहिल्यांदा हातात आलं तेव्हाचं सांगितलं, टायरखालच्या पाकिटांचं सांगितलं, लोक दुसरं चित्र मागतात तेही सांगितलं. ओळखीच्यांचं येणं तुटतं, तेही. मुलगी ऐकत राहिली.

"ते चित्र बघून कुणी सोडली का हो?" तिने विचारलं.

"एकाने सोडली असावी. खात्रीने सांगता येत नाही."

"मग तुम्ही मला नाही म्हणायला सांगताय का?"

"मी काहीच सांगत नाही. तुझ्या आईला विचार."

"तिला बोलता येत नाही."

"बोलता येत नाही म्हणून सांगता येत नाही असं नसतं, बाळ. मलाही ते उशिराच कळलं. मी माझंच म्हणणं धरून बसले होते. तू तिच्यापुढे बस. घाई करू नकोस, आणि तिच्या वतीने बोलू नकोस."

मुलीने डोळे पुसले आणि रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसली. बाहेर फळीशी कुणी तरी झेरॉक्ससाठी हाक मारत होतं. वहिनींनी त्याला थांबायला सांगितलं आणि त्या मुलीच्या शेजारी बसल्या.